पत्रकारितेत कसलं आलंय संशोधन? रसायनशास्त्र सोडून मुलीने त्यात पीएचडी का करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नाशिकलाच एम.एस्सी. रसायनशास्त्र करतेय, मुलगा मेडिकलला आहे, आणि आता ती म्हणते की पत्रकारितेत एम.ए. करून त्यातच पीएचडी करणार. 'डॉक्टरांचं संशोधन कळतं, केमिस्ट्रीचं कळतं, पण बातम्यांवर काय संशोधन करणार?' असा तुमचा प्रश्न. हेच वाक्य मी २०१३ साली सासुरवाडीत, भरल्या ताटावर, माझ्या मेहुण्याला ऐकवलं होतं. म्हणून उत्तर द्यायला बसलोय.

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा जांभळाच्या बियांवर काम चाललं होतं. काम म्हणजे नळीत स्टार्च, त्यात अमायलेज (स्टार्च फोडून साखर सोडणारं एन्झाइम), त्यात बियांचा अर्क. मग डीएनएस, म्हणजे साखरेबरोबर रंग देणारं रसायन, घालून उकळायचं आणि ५४० नॅनोमीटरला रंग वाचायचा. रंग फिका म्हणजे साखर कमी सुटली, म्हणजे एन्झाइम अडलं. शेजारच्या नळीत तुलनेला अकार्बोज, हेच एन्झाइम अडवणारं मधुमेहावरचं औषध. आमचा आकडा अकार्बोजच्या आसपास आला आणि मी दोन दिवस हवेत होतो. साडेतीन हजार रुपये भरून एका जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, पेपर पाठवला, चार दिवसांत स्वीकारला गेला. चार दिवसांत कोण काय तपासतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची होती, फायलीला कात्रणं हवी होती, म्हणून कॉलेजने प्रेसनोट काढली. फोटोग्राफर आला. अर्क मातकट दिसत होता. तो म्हणाला, सर, काहीतरी रंगीत धरा. मी परमँगनेटचा फ्लास्क धरला. अंगातला पांढरा कोट लॅब असिस्टंटचा. दुसऱ्या दिवशी बातमी: 'जांभळाच्या बियांनी मधुमेह होणार बरा, नाशिकच्या प्राध्यापकांचे संशोधन'. हातात जांभळा फ्लास्क, त्यामुळे लोकांना वाटलं तेच औषध.

आठवडाभर फोन. पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. मग आमच्याच सोसायटीतल्या एका काकांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद केली आणि रविवार कारंज्यावरून बियांची पावडर आणून सकाळ-संध्याकाळ चमचाभर घ्यायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडले. साखर ४३८. वाचले, पण काकू अजूनही लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

माझी वहिनी एम.डी. मेडिसिन आहे. तिने फोनवर एवढंच विचारलं, "भाऊजी, माणसांवर केलंत का?" नाही. "उंदरांवर?" नाही. पुढे ती काही बोलली नाही. तिच्या थिसिससाठी नुसते रुग्णांचे जुने केसपेपर चाळायचे होते, तरी एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय तिला कपाट उघडता आलं नव्हतं. औषधाची माणसांवर चाचणी करायची तर आपल्याकडे २००९ पासून आधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. आणि मी नळीवरून थेट वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर.

अर्थात त्या दिवसांत माझं म्हणणं एकच होतं: बातमीदाराने घाण केली. मेहुणा तेव्हा पत्रकारितेत एम.ए. करत होता, म्हणून जेवताना सगळा राग त्याच्यावर काढला. त्याने शांतपणे भाकरी संपवली आणि म्हणाला, "दाजी, तुमची प्रेसनोट दाखवा." दाखवली. 'बरा' हा शब्द पहिल्याच ओळीत होता. खाली माझी सही. बातमीदाराने ओळन् ओळ उतरवली होती, पदरचं काही घातलंच नव्हतं.

मी म्हटलं, एका कात्रणावरून काय सिद्ध होतं? पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, त्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला पेपर पाठवला. कार्डिफचे मानसशास्त्रज्ञ आणि तिथल्या पत्रकारिता विभागातली माणसं. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या २०११ सालच्या ४६२ प्रेसनोटा घेतल्या, मूळ पेपर आणि छापून आलेल्या बातम्या शेजारी ठेवल्या. प्राण्यांवरचा निष्कर्ष प्रेसनोटेतच फुगवून माणसांना लावला असेल तर ८६ टक्के बातम्यांत तीच फुगवाफुगवी; प्रेसनोट सरळ असेल तर १० टक्के. आता सांगा, हे संशोधन नाही तर काय आहे? त्याला मोजमाप आहे, तुलनेची नळीसुद्धा आहे. माझ्या जांभळापेक्षा पक्कं काम आहे ते.

त्याच २०१३ साली जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने दगडफुलासारख्या लायकेनमधल्या रेणूने कॅन्सरच्या पेशी मरतात असा, ढोबळ चुका मुद्दाम ठेवलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. त्या ३०४ जर्नलांपैकी साधारण तिसरा हिस्सा आपल्या भारतातला. माझं जर्नल त्या ३०४ मध्ये नव्हतं, एवढंच समाधान. पण बघा, खोट रसायनातली, दावा वैद्यकातला, आणि उघडं पाडणारा पत्रकार.

तेव्हा मुलीला जाऊ द्या. आमच्याकडे रसायनात काय चाललंय? पाला आणि सिल्व्हर नायट्रेट, झाले चांदीचे नॅनोकण. झाड बदललं की नवा पेपर. त्यापेक्षा मराठी पेपरांत येणाऱ्या 'शोध लागला' छापाच्या बातम्या तिने तपासाव्यात. डीएनएस म्हणजे काय हे तिला कळतं, शिवाय वहिनीने विचारले तसे प्रश्न विचारायला घरात भाऊ आहेच.

पोटापाण्याचं मात्र बघून घ्या. पत्रकारितेत प्राध्यापकाच्या जागा रसायनापेक्षा कितीतरी कमी, नेट ही पात्रता परीक्षा काढून ठेवलेली बरी. आणि थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ पासून राहिलेली नाही, तेव्हा पैसे घेऊन छापणाऱ्यांच्या नादी तिला लागू देऊ नका. चांगले गाइड रसायनातही आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. फी आणि प्रवेश परीक्षेचं मला विचारू नका.

एक राहिलं. जांभळाच्या बीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं, आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, चामडं कमावतात ते त्यावरच. म्हणजे माझा अर्क अमायलेजला खास अडवत होता, की नुसता गुंडाळून टाकत होता? नळीत थोडं अल्ब्युमिन, म्हणजे दुसरं एक प्रथिन, घालून बघायचं; टॅनिन त्यालाच चिकटलं तर अमायलेज मोकळं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते २०१६ साली केलं. अडवणूक निम्म्याच्याही खाली आली. मेहुण्याला सांगितलं आणि वर म्हटलं, ही बातमी तुमची माणसं छापणार नाहीत.

"प्रेसनोट काढलीत का?" तो म्हणाला.

नाही काढली. त्याच्या पीएचडीचं अजून तिसरंच प्रकरण चालू आहे, तो भाग वेगळा.