लहरी सोडून जमिनीखालचं खनिज कॉम्प्युटरवर शोधता येतं का?

तुमचा प्रश्न असा, की नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर-खाप्याकडच्या मँगनीजसाठी वरून लहरी सोडल्या, रीडिंग घेतली आणि ऑप्टिमायझेशन (गणित रीडिंगशी जुळेपर्यंत अंदाज सुधारत नेणं) चालवलं, तर न खोदता जागा कळेल का? अंदाज नक्की येईल. बिनचूक जागा मिळेलच असं नाही, आणि त्यात दोष कॉम्प्युटरचा नसतो.

विद्युतचुंबकीय लहर वेगळ्या वाहकतेच्या (वीज वाहून नेण्याच्या क्षमतेच्या) खडकावर आदळून विखुरते, त्यातला अंश वरची कॉइल टिपते. मग खनिजाचा एक काल्पनिक साठा धरून त्याची खोली, आकार, वाहकता बदलत राहायची. गणितातलं आणि खरं रीडिंग जुळेपर्यंत. गोम अशी, की लहान पण तगडा आणि मोठा पण फिका, असे दोन साठे जवळपास सारखंच रीडिंग देऊ शकतात. गुरुत्व सर्व्हेत (जमिनीच्या ओढीतला बारीक फरक मोजतात त्यात) तर हे उघडच दिसतं: केंद्र तेच ठेवून गोळ्याची त्रिज्या दुप्पट करा, घनतेतला फरक एक अष्टमांश करा, यंत्राला काडीचाही फरक कळत नाही.

म्हणून गोळा धरूच नका. आपल्याकडचं मँगनीज सौसर गटाच्या खडकांत थरांनी आहे, आणि त्या थरांना भरपूर घड्या पडल्यात. उघड्या खडकावर थराचा कल मोजा आणि त्याच कलाचा पट्टा धरून सुरुवात करा. माझ्या मते महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा हे जास्त कामाचं.

वारंवारतेचंही बघा. १०० ओहम-मीटर विद्युतरोधाच्या खडकात १०० हर्ट्झची लहर सुमारे ५०० मीटरवर ३७ टक्के उरते, १०,००० हर्ट्झची ५० मीटरवरच. खालच्या वारंवारतेवर आधी ढोबळ चित्र बसवायचं, बारकावे नंतर.

आणि हो, संत्र्याच्या बागेत सर्व्हे असेल तर बोअरवेलच्या लोखंडी केसिंगच्या (आत बसवलेल्या पाइपच्या) जागा आधी नकाशावर टिपा. केसिंग इतकं झकास रीडिंग देतं, की कॉम्प्युटर बिनदिक्कत तिथे खनिज काढून दाखवतो! वरून ५० हर्ट्झच्या वीजतारांची गुणगुण असतेच.

शेवटी एकाच उत्तरावर थांबू नका. वेगवेगळ्या सुरुवातींनी गणित पुन्हा पुन्हा चालवा, आणि रीडिंगशी सारखीच जुळणारी सगळी मॉडेल ठेवा. जिथे सगळ्यांचं एकमत आहे तिथेच बोअर मारायचा आग्रह पैसे लावणारा धरतो. तुम्ही पहिलं बोअर तिथे मागा जिथे एक मॉडेल ४० मीटरवर खनिज दाखवतं आणि दुसरं काहीच नाही. त्या एका कोअरने (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्याने) निम्मी मॉडेल बाद होतात, उरलेल्यांवर पुढचं गणित लावता येतं.