‘मान्यताप्राप्त’ लेझर कशासाठी मान्यताप्राप्त?

योनीच्या ‘नवयौवना’बद्दलचे, म्हणजे लेझर वगैरेंनी योनी पुन्हा ‘तरुण’ करून देण्याच्या उपचारांबद्दलचे, प्रश्न थांबायचे नाव घेत नाहीत, म्हणून काहींची उत्तरे आज एकदमच देते.

प्रश्न : दोन बाळंतपणांनंतर सैलपणा जाणवतो. लेझर करून घेऊ का?

उत्तर : आधी तपासून घ्या. सैलपणा मोजायचे सर्वमान्य माप नाही. अंग खाली सरकले आहे की स्नायू ढिले पडलेत, हे तपासणीतच कळते. स्नायूंचाच प्रश्न असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून कीगल व्यायाम (योनीभोवतीचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम) नीट शिका आणि किमान तीन महिने रोज करा.

प्रश्न : मैत्रिणीला तीन सिटिंगमध्ये फरक पडला. मशीन एफडीए (अमेरिकेची औषधे व वैद्यकीय उपकरणे यांवर देखरेख करणारी संस्था) मान्यताप्राप्त आहे म्हणे.

उत्तर : मैत्रिणीचा अनुभव खोटा नाही, पण तो पुरावाही नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत पाळी गेलेल्या ८५ स्त्रिया होत्या. काहींना खरे लेझर दिले, काहींना नुसता देखावा. वर्षभराने कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळचे दुखणे यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली योनीचे अस्तरही वेगळे दिसले नाही. देखाव्यानेही बरे वाटते, म्हणूनच तुलनेचा गट लागतो. सैलपणासाठीचा पुरावा तर याहून तोकडा.

आता ‘मान्यता’. ही उपकरणे चामखीळ किंवा कर्करोगपूर्व पेशी नष्ट करण्यासारख्या कामांसाठी मान्य झाली होती. ‘नवयौवना’साठी नव्हे! अमेरिकेच्या एफडीएने २०१८मध्ये उलट इशाराच दिला : भाजणे, व्रण, संबंधाच्या वेळी वेदना, कायमचे दुखणे. जाहिरातीत मान्यता मोठ्या अक्षरांत असते, हा इशारा मला तरी कुठल्या माहितीपत्रकात दिसलेला नाही. पॅकेजचे पैसे आगाऊ मागत असतील, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचे) इंजेक्शन तरी?

उत्तर : पुरावा अपुरा आहे. नको.

प्रश्न : पाळी जाऊन चार वर्षे झाली. खूप कोरडेपणा आहे, अधूनमधून रक्ताचा डाग दिसतो. लेझरची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तोवर थांबू?

उत्तर : अजिबात नाही. पाळी गेल्यानंतरचा एक डागही तपासावाच लागतो. बहुधा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहायचे. लेझर रद्द करा, याच आठवड्यात दाखवा. कोरडेपणासाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेन क्रीम असते. मात्र ते तपासणीनंतर, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर त्या डॉक्टरांनाही विचारूनच.