ट्रक चालवायला निघालायस तर हे वाच

पोरा,

मेसेज मिळाला तुझा. हेवी लायसन्सची तयारी सुरू केलीस, ट्रकवर जायचं पक्कं केलंस, घरचे नाराज आहेत, सगळं वाचलं. मला तर मनापासून आनंद झाला बघ, कारण हे काम मी वर्षानुवर्षं केलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. आता तू विचारलंयस की चांगला ड्रायव्हर व्हायला सगळ्यात जास्त काय लागतं. लोक सांगतील हात साफ पाहिजे, रिव्हर्स जमला पाहिजे, गिअर न वाजवता पडला पाहिजे. ते सगळं सरावाने येतं रे, कुणालाही येतं. मी म्हणेन थांबता आलं पाहिजे. आधी गाडी थांबवता आली पाहिजे आणि मग स्वतःला, आणि हे दुसरं फार कठीण जातं, भल्याभल्यांना जातं.

गाडीचं आधी सांगतो. स्पीड 40 वरून 80 वर नेलास तर तुला वाटतं दुप्पट झाला, पण ब्रेकला चौपट ताकद जिरवायची असते, आणि तीही 40 टन वजनाच्या गाडीची. वर एअर ब्रेकचं असं असतं की पाय दाबला तरी हवा पाइपातून मागच्या चाकांपर्यंत पोचायला अर्धा सेकंद तरी जातो, 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे ब्रेक पकडायच्या आतच 11 मीटर गेले. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सेकंद मोजायला लाग, तू त्या खांबापाशी पोचेपर्यंत सहा-सात सेकंद झाले पाहिजेत, पाऊस असेल तर अजून जास्त. मधे कुणी कार घुसवेल, घुसवू दे, तू परत मागे हो. दिवसभर हेच करावं लागतं आणि त्याने फार तर थोडा उशीर होतो. आणि एक गोष्ट नव्या पोरांना खरी वाटत नाही, रिकामी गाडी बऱ्याचदा भरलेल्या गाडीपेक्षा उशिरा थांबते. ब्रेक आणि स्प्रिंग भरलेल्या वजनाच्या हिशोबाने केलेले असतात, गाडी रिकामी असली की चाकं उडतात, लॉक होतात, ट्रेलर असेल तर मागून आडवा येतो. म्हणून माल उतरवून निघालास की मन मोकळं होतं ते ठीक आहे, पाय मोकळा सोडू नकोस.

आता उतार. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ब्रेक फेल झाला असं आपण जे ऐकतो त्यातल्या बऱ्याच वेळा ब्रेक फेल झालेला नसतो, तापलेला असतो. चाकासोबत फिरणारा ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड जाते, तू पायाने कितीही दाब, गाडी पळतच राहते. त्यामुळे उताराचा निर्णय वरच, माथ्यावर घ्यायचा. गिअर तिथेच खाली घे, कारण एकदा गाडीने वेग धरला की खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलला अडकते आणि मग इंजिन तुझ्या काहीच उपयोगाचं राहत नाही. जुने लोक सांगायचे ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. जुन्या गाड्यांना ते बरोबर होतं, आताच्या गाड्या हलक्या पळतात, त्यांना त्याच्याही खालचा गिअर लागतो. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे पायाचा ब्रेक न लावता गाडीचा वेग धरून ठेवणारी सोय, असेल तर लाव, फक्त रस्ता ओला असेल आणि गाडी रिकामी असेल तर जपून, त्यानेही चाक घसरतं. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवू नकोस, ठरवलेल्या स्पीडच्या वर गेली की नीट दाबायचा, सात-आठने स्पीड खाली आणायचा, पूर्ण सोडायचा. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे भेटतील तुला, ते वीस-वीस वर्षं चालवणारे असले तरी या बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही म्हणजे नाही.

सकाळचं चेकिंग कर एवढं सांगून भागत नाही, कारण सगळे हो म्हणतात आणि चहा पिऊन स्टार्टर मारतात. तू खाली उतरून पूर्ण फेरी मार. जोडचाकांत आतला टायर बघ, त्याची हवा कमी असली तरी बाहेरून कळत नाही, बाहेरचा सगळं वजन घेतो आणि आतला चालता चालता तापत जातो, त्याने आगसुद्धा लागते. जोडचाकात दगड अडकलाय का बघ. चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट परत आवळायचे. घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, ट्रेलरला जोडलास की हलकी ओढ देऊन बघ आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता टॉर्च घेऊन खाली वाक, लॉक पूर्ण बसलाय का ते डोळ्याने बघ. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा वर आल्याशिवाय गाडी जागची हलवू नकोस.

माल कसा भरलाय ते तूच बघायचं, भरणारा गोदामात राहतो, रस्त्यावर तू असतोस. वजन उंच असेल तर वळणावर गाडी कलंडते, बोर्डावर लिहिलेला स्पीडसुद्धा तुला जास्त होऊ शकतो. अर्धवट भरलेला टँकर गच्च भरलेल्यापेक्षा अवघड, आतलं पाणी ब्रेकनंतर पुढे येऊन धक्का देतं. थोडं गेलं की थांबून दोऱ्या, पट्टे परत ताण, माल बसतो आणि ढिले पडतात. जास्त भरलंय असं दिसलं तर वजन केल्याशिवाय निघायचं नाही.

रिव्हर्स घेताना शंका आली की उतरून बघ, दहा वेळा उतरायला लागलं तरी उतर. वळताना मागची चाकं आतून कापत येतात, तिथे सायकलवाला असेल तर तुला आरशात दिसणारही नाही, म्हणून वळायच्या आधी आणि वळतानाही बघत राहायचं.

आता झोप. यासाठीच खरं तर लिहायला बसलो. सलग 17 तास जागा राहिलेला माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, संशोधकांनी हे मोजून बघितलंय, रक्तात 0.05 टक्के दारू असल्यावर जसे हातपाय मंद होतात तसे होतात. आणि प्यायलेल्यासारखंच त्याला वाटत असतं की मी एकदम ठीक आहे. चार सेकंद डुलकी लागली तर 80 च्या स्पीडला गाडी जवळजवळ 90 मीटर ड्रायव्हरशिवाय जाते. रात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास, या वेळेला शरीर स्वतःहून झोप मागतं, कितीही अनुभव असू दे. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने पाच-दहा मिनिटं वाटतं बरं, झोप जात नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे आले हे आठवत नसेल तर सुरक्षित जागा बघ आणि गाडी बाजूला घे. चहा-कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं झोप, चहा-कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो, उठल्यावर पाय मोकळे कर आणि मगच स्टिअरिंगला हात लाव. त्यानेही जमलं नाही तर पूर्ण झोप, दुसरा इलाज नाही. जागं राहायच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नकोस, कितीही जवळचा असला तरी. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, अमेरिकेत 8 तास चालवल्यावर निदान अर्धा तास, तू जिथे चालवशील तिथला नियम पाठ कर आणि गाडीच्या मालकालाही माहीत आहे का बघ.

कारण फोन येणार. माल सकाळी पोचलाच पाहिजे, पार्टी ओरडतेय, बाकीचे पोरं करतात तुलाच काय झालं, हे सगळं ऐकायला लागणार आणि तू नवा असल्यामुळे तुला नाही म्हणायला लाज वाटणार. नाही म्हण. भांडू नकोस, शांतपणे सांग की मला झोप आलीय, मी इतक्या वाजता निघेन, आणि फोन ठेव. याच्यामुळे नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरी मिळते, ड्रायव्हर सगळीकडे कमी आहेत.

म्हणूनच पहिली नोकरी निवडताना फक्त पगार विचारू नकोस. पैसे ट्रिपवर मिळणार की किलोमीटरवर की तासावर, लोडिंगला दिवसभर थांबलो तर त्याचे मिळणार का, दंड आणि पंक्चर कुणाच्या खिशातून, गाडीचं काम सांगितलं की करतात की ढकलतात. हे तिथल्या ड्रायव्हरना विचार, ऑफिसमधल्याला नाही. सुरुवातीला जुन्या माणसाच्या हाताखाली निघ, थोडे पैसे कमी आले तरी चालतील. आणि कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यायचं इतक्यात मनात आणू नकोस, हप्ता डोक्यावर असला की माणूस झोपत नाही आणि ओव्हरलोडला हो म्हणतो.

घरच्यांची नाराजी भीतीतून आलीय. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, आईला सांग गाडी उभी केली की रोज फोन करीन, चालवताना उचलणार नाही, आणि ते पाळ. त्यांना काही महिने जाऊ देत.

या आठवड्यात एक काम कर, डोळे तपासून घे, रात्रीचं दिसतं का तेही विचार. आणि झोपेत फार घोरतोस का, दिवसा डोळे मिटतात का हे घरी विचारून डॉक्टरला सांग, झोपेत श्वास अडकायचा आजार असतो, त्यावर उपचार आहे, पण तो कळायला हवा. रिपोर्ट आले की मला फोन कर, मग एका रविवारी गाडीभोवतीची फेरी आपण दोघं मिळून मारू.

तुझा काका