समुद्री शेवाळाचा नमुना कागदावर दाबला की बुरशी येते, सोलताना फाटतो. काय चुकतंय?

बुरशी येते ती टिपकागद न बदलल्यामुळे. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदला, पुढे रोज एकदा. फाटण्याचं कारण घाई: शेवाळावरचं मलमल पूर्ण वाळल्याशिवाय ओढूच नका.

मांडणी ट्रेमध्ये समुद्राच्याच पाण्यात करा. गोड्या पाण्यात नाजूक लाल शेवाळांच्या पेशी फुटतात, रंग उतरतो. जाड कागद पाण्याखाली सरकवा, फांद्या ब्रशने मोकळ्या करा आणि एका कडेने तिरका उचलत पाणी निथळू द्या. वर मलमल, खाली-वर टिपकागद, त्यावर वजन. उल्वा (पातळ पानासारखं हिरवं शेवाळ) स्वतःच्या चिकट द्रवानेच कागदाला धरतं. सरगॅसम हे तपकिरी शेवाळ जाड असल्यामुळे सुटतं, त्याला कागदी पट्ट्या लावाव्या लागतात.

कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला गोळा करा, हिवाळ्यात वाढ चांगली असते. खडकाला धरणारा बुडखा हवाच, त्याशिवाय ओळख अडते. ताजा रंग तिथेच लिहा, कारण लाल शेवाळ वाळल्यावर काळपट दिसतं. पंख्यासारखं, वर्तुळाकार रेघांचं, चुन्याची पांढरट झाक असलेलं दिसलं तर ते पॅडिना. ग्रॅसिलेरियासारख्या लाल शेवाळांची जात मात्र आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. म्हणून एक तुकडा ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवणारं रसायन) ठेवा, हातमोजे घालून.