अणुयुद्ध ठरवून होईल की चुकून?

प्रश्न : अमेरिका आणि रशिया दोघांकडेही अण्वस्त्रे असल्यामुळेच त्यांच्यात थेट युद्ध झाले नाही, असे आम्ही नोकरीत ऐकत आलो. मग आता चिंता कशाची? (निवृत्त सुभेदार, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आपण ऐकलेत ते खोटे नाही, मात्र समोरून काय येत आहे हे दोन्ही बाजूंना वेळेत आणि अचूक कळेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. 26 सप्टेंबर 1983 रोजी मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळच्या पूर्वसूचना केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव पेत्रोव्ह ड्यूटीवर होते. अमेरिकेतून आधी एक आणि पाठोपाठ आणखी चार क्षेपणास्त्रे सुटल्याचे उपग्रहांनी दाखवले. त्याच महिन्यात सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडलेले असल्याने वातावरण आधीच तापलेले होते. तरीही, हल्लाच करायचा तर अमेरिका पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल आणि जमिनीवरच्या रडारांवर काहीच कसे दिसत नाही, असा विचार करून पेत्रोव्ह यांनी हा इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. 1979 मध्ये अमेरिकेतही सरावासाठीची माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत शिरून असाच गोंधळ उडाला होता. एका खंडातून दुसऱ्या खंडात क्षेपणास्त्र पोहोचायला सुमारे अर्धा तास लागतो. त्यातून खातरजमा वजा केली की निर्णयाला मोजकीच मिनिटे उरतात.

दुसरे कारण करारांचे. ‘न्यू स्टार्ट’ या अमेरिका-रशिया कराराने दोन्ही देशांना प्रत्येकी 1550 तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घातली होती आणि एकमेकांच्या तळांवर तपासणी पथके पाठवण्याची सोय केली होती. कोरोनाच्या साथीत, 2020 मध्ये, या तपासण्या थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. रशियाने 2023 मध्ये आपला सहभाग स्थगित केला आणि 5 फेब्रुवारी 2026 रोजी कराराची मुदतही संपली. आकड्यापेक्षा परस्परांच्या कोठारात डोकावण्याची मुभा मला अधिक मोलाची वाटते, आणि नेमकी तीच आधी गेली.

प्रश्न : युद्ध तिकडे पेटले तर निपाणी भागातल्या आमच्या शेतीला त्याची झळ बसेल का? (शेतकरी, निपाणी)

उत्तर : बसू शकते. जळत्या शहरांची काजळी ढगांच्याही वर, स्थितांबरात पोहोचली तर तिथे तिला धुऊन काढायला पाऊस नसतो, त्यामुळे ती काही वर्षे टिकून सूर्यप्रकाश अडवते. आपला मान्सून तर जमीन तापण्यावरच अवलंबून असल्याने तुमच्या सोयाबीनला आणि खानापूरच्या भाताला त्याचा फटका बसेल. ‘नेचर फूड’ नियतकालिकात 2022 मध्ये आलेल्या अभ्यासाने भारत-पाकिस्तान अणुयुद्धानंतर जगभरात दोन अब्जांहून अधिक, तर अमेरिका-रशिया युद्धानंतर पाच अब्जांहून अधिक लोक दगावतील, असा अंदाज बांधला, आणि त्यातले बहुतेक उपासमारीने. नेमकी किती काजळी इतक्या उंचीवर जाईल याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. म्हणून हे आकडे अंदाज म्हणूनच वाचावेत.

प्रश्न : कैगा अणुऊर्जा केंद्र आम्हाला जवळ. तिथे हल्ला झाला तर अणुबॉम्बसारखा स्फोट होईल का? (शिक्षिका, खानापूर)

उत्तर : नाही. तिथल्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात आणि त्यात बॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही. धोका आहे तो किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडण्याचा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी 31 डिसेंबर 1988 रोजी केला आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. कारगिलनंतरही त्यात खंड पडला नाही. मात्र 9 मार्च 2022 रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले, आणि ती चूक होती हे भारताने जाहीर केले दोन दिवसांनी. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तणाव शिगेला असताना इतका उशीर परवडला असता, असे मला वाटत नाही.

प्रश्न : आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : त्या गोळ्या फक्त थायरॉईड ग्रंथीला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, त्याही वेळेवर घेतल्या तर. शासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. त्यापेक्षा आसरा महत्त्वाचा. स्फोटानंतर खाली पडणाऱ्या धुळीचा किरणोत्सार सात तासांत साधारण दहाव्या हिश्श्यावर आणि दोन दिवसांत शंभराव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पहिले एक-दोन दिवस घराबाहेर न पडणे हाच उत्तम उपाय. पत्र्याच्या खोलीपेक्षा जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींचे घर बरे; त्यातही वरच्या माळ्यावर न थांबता खालच्या मधल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर राहावे. पाणी झाकून भरून ठेवावे आणि सूचना ऐकण्यासाठी सेलवर चालणारा रेडिओ जवळ असावा, कारण वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडलेले असू शकतात.