मराठी माध्यमात शिकलोय. इंग्रजीतले रोजचे वाक्प्रचार आणि स्लँग शिकायला क्लास लावू का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नोकरी लागली, टीममधल्या अमेरिकनांचं बोलणं अर्धं डोक्यावरून जातं आणि कोल्हापुरातला एक क्लासवाला वाक्प्रचारांची जाडजूड झेरॉक्स पाठ करून घेतो म्हणतोय. नका लावू. तसल्या झेरॉक्स मी बघितल्यात. पहिल्या पानावर 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' ठरलेलं. एवढी वर्षं परदेशी गिऱ्हाइकांशी बोलतोय, एकाच्याही तोंडून ते ऐकलं नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आम्ही मेलमध्ये सरळ 'हायवे इज अंडर वॉटर, ट्रक्स आर स्टक' एवढंच लिहिलं. सगळ्यांना कळलं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत एक्स्पोर्ट बघतो. शिक्षण मराठी माध्यमातच. आमचे तेव्हाचे मॅनेजर मात्र कॉन्व्हेंटचे. इंग्रजी फर्डं, आणि वाक्यागणिक एक वाक्प्रचार. एकदा अमेरिकेतलं गिऱ्हाईक कॉलवर होतं. नव्या पार्टचं बोलणं चाललेलं. रिजेक्शनचं झालं, मग दराचा विषय निघाला, तर तो म्हणाला, "लेट्स टेबल द प्राइस." साहेबांनी "शुअर, शुअर" केलं आणि कॉस्टिंगची शीट उघडली. पिग आयर्न, स्क्रॅप, विजेचा दर, मशिनिंग... थांबायचं नावच नाही. तिकडं चिडीचूप. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं, "सॉरी, यू वॉन्ट टू डिस्कस प्राइस नाऊ ऑर लेटर?" तो हसला. "लेटर, प्लीज." त्याला आधी त्याच्या बॉसशी बोलायचं होतं.

आता साहेबांनी केलेला अर्थ अगदीच खोटा नव्हता. इंग्लंडात विषय 'टेबल' करायचा म्हणजे चर्चेला घ्यायचा, अमेरिकेत म्हणजे सध्या बाजूला ठेवायचा. बरोबर उलटं. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती. दोघांना हवं होतं एकच, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. खुद्द चर्चिलनं लिहून ठेवलंय. जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांची ही गत, तर झेरॉक्सवाल्याचं काय घेऊन बसलात?

पण खरा वाद पुढं झाला. कॉल संपल्यावर साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "असं मध्येच विचारायचं नसतं. कंपनीचं इंप्रेशन जातं. कळलं नाही तरी मान हलवायची, नंतर बघून घ्यायचं." ड्रॉइंगवरचा एक आकडा पुसट असला तर हेच साहेब पॅटर्नमेकरला, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला, दम द्यायचे, "विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!" मी तसं बोलून दाखवलं. पुढचे काही महिने मला कॉलवर बसवलं नाही. बरं, त्या गिऱ्हाइकानं नंतरचे प्रश्न मात्र मेलवर मलाच पाठवले.

तेव्हा तुम्हीही विचारा. "व्हॉट डू यू मीन बाय दॅट?" हे वाक्य अख्ख्या झेरॉक्सपेक्षा जास्त कामाला येतं.

शिकायचंच तर आधी फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ'सारखा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो ते. 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकललं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच. डिस्पॅचच्या मेलमध्ये ही गल्लत झाली तर माल गोदामात पडून राहतो. अमेरिकनांचं ऑफिसातलं बरंच बोलणं बेसबॉलमधून आलंय: 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणं, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. इंग्रज 'स्टिकी विकेट' म्हणाला तर आपल्याला अर्थ सांगावा लागत नाही. केंब्रिजची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे. त्यात शब्दापुढं यूके, यूएस, इनफॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड असं लिहिलेलं असतं. अर्थाच्या आधी ते वाचा. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर 'द इंग्लिश वी स्पीक' म्हणून छोटे कार्यक्रम आहेत, केएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या एक ऐकून होतो.

स्लँग ऐकून कळलं म्हणजे बास, स्वतः वापरायला जाऊ नका. बाहेरचा पाव्हणा रंकाळ्यावर उभा राहून आपल्याला "नाद खुळा" म्हणतो तेव्हा आपण एकमेकांकडं कसं बघतो, आठवा.

हां, क्लास सरसकट वाईट म्हणत नाही. बोलायची भीड मोडायला काहींना उपयोग होतो. आणि माझं सगळं फौंड्रीतलं, आयटीतलं तुम्हाला जास्त माहीत. तुमचा मॅनेजर आमच्या साहेबांच्या जातकुळीतला निघाला, तर कॉलमध्ये नका विचारू, त्याच अमेरिकनाला चॅटवर विचारा. न चिडता सांगतात ते.