आम्ही कोल्हापूरचे. लाकडी डॉलहाऊसचं किट आणलंय, त्यावर १:१२ लिहिलंय. आधी जोडू की आधी रंगवू? आणि त्यात बार्बी मावेल का?

आधी रंगवा. नाही, थांबा, त्याच्याही आधी गोंद न लावता मास्किंग टेपवर सगळं घर एकदा उभं करून बघा. कुठला तुकडा कुठं बसतो ते कळलं की मागं पेन्सिलीनं नंबर टाका आणि परत मोकळं करा. मी भाचीच्या घराला थेट फेव्हिकॉल लावला होता. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात ब्रश सोडाच, बोटसुद्धा जाईना. शेवटी अगरबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून रंगवलं. डाग अजून दिसतात.

भिंती सपाट आहेत तोवरच रंग द्या, कागद चिकटवा. फक्त खाचा आणि त्यात बसणारे दात टेप लावून कोरे ठेवा. आमच्या किटची खाच ३ मिलिमीटरची. रंगाचे दोन हात बसले की दात आत शिरत नाही, आणि ठोकायला गेलं की प्लाय चिरतो. शिवाय गोंद कोऱ्या लाकडालाच नीट धरतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, असेल तर कडा रंग पीत सुटतात. त्यांना आधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या, वाळला की बारीक पॉलिश पेपर मारा.

तुम्ही कोल्हापुरातलेच म्हणताय, तर पावसाळ्यात घाई नको. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात मी छप्पर चिकटवलं. रात्रभर कपड्यांचे चिमटे लावून ठेवले, तरी सकाळी जोड ओला तो ओलाच.

बार्बीचं विसरा. किटवर १:१२ लिहिलंय म्हणजे एका फुटाला एक इंच. साडेपाच फुटी बाई तिथं साडेपाच इंचांची. बार्बी साडेअकरा इंचांची, डोकं छपराबाहेर काढून बसेल!

सजावटीला विकतचं काही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा वॉलपेपर, ब्लाऊजपीसच्या तुकड्याचे पडदे, काडेपेट्यांचं कपाट. मी मात्र हौसेनं चप्पल लाईनीतून किल्लीला अडकवायची कोल्हापुरी आणली. चप्पल दीड इंची, म्हणजे त्या घराच्या हिशेबानं दीड फुटी! काढायला गेले तर भाची दारात आडवी. "असू दे की मावशी, आत पैलवान आल्यात."